वासिल फेडॉर्को यांचा डाइम आणि माझ्यामागे राहील ते

गुरुवार, दिनांक २४ जानेवारी १९८०, दुपारचा एक वाजून वीस मिनिटे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका डाइमचे, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याचे, वजन करत होतो. तीनदा केले आणि तीनदा वेगळे आले, कारण तराजू नाजूक आहे आणि माझे अर्धे लक्ष खिडकीकडे होते. तेव्हा तराजू बाजूला सारला आणि हा कागद पुढे ओढला.

मी, एमिल योसेफ हुडाक, वय वर्षे तेवीस, अविवाहित, राहणार लॉरेल पॅच, पेनसिल्व्हेनिया, श्रीमती यानेक यांच्या घराचा वरचा मजला, माझ्यामागे माझ्या वस्तूंची व माझ्या शब्दाची वाट लागू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. मी प्यालेलो नाही. मी भ्यालेलो आहे. पण औषधाच्या दुकानात मिळणारी जी पुस्तिका समोर ठेवून मी हे लिहितो, तिच्यात भ्यालेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असे कुठेही म्हटलेले नाही. दोनदा वाचून खात्री केली.

शाळा मी दहावीत सोडली. त्यामुळे कायद्याचे शब्द चुकण्याची शक्यता आहे. इतर शब्द मी कोशात बघून लिहितो आहे. ते चुकलेले आढळल्यास घाईमुळे चुकले असे समजावे.

कलम पहिले. पुस्तिका सांगते की आधी कर्जे लिहावीत, मग मालमत्ता. मी क्रम मोडून आधी जे माझे नाही ते लिहितो.

माझ्या सदऱ्याच्या खिशात, कागदी पाकिटात, दहा सेंटचे एक चांदीचे नाणे आहे. ते कै. वासिल फेडॉर्को, न्हावी, यांचे आहे. माझे काही बरेवाईट झाल्यास ते त्यांच्या पुतणीला, क्लीव्हलंडच्या कुमारी ऑल्गा फेडॉर्को यांना द्यावे, पण त्याआधी ते राज्य पोलिसांचे श्री. झाइगलर यांना दाखवावे. नाणे कसे ओळखावे ते पुढे लिहितो. जो कोणी वाचेल त्याने भिंग घेऊन वाचावे.

दर्शनी बाजूला पंखांची टोपी घातलेल्या बाईचे मुख, साल १९१६. उलट बाजूला काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड. खाली, ‘वन’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षराजवळ, डेन्व्हरच्या टांकसाळीचे डी हे अक्षर. त्या वर्षी फिलाडेल्फियाला असे डाइम दोन कोटींवर पडले, त्यांच्यावर अक्षर नाही. डेन्व्हरला पडले फक्त दोन लाख चौसष्ट हजार. म्हणून लबाड लोक फिलाडेल्फियाच्या नाण्यावर डी चिकटवतात. चिकटवलेले अक्षर बहुधा किडकिडीत असते आणि भिंगाखाली त्याच्या पायाशी बारीक फट दिसते. खरे अक्षर ठेंगणे, जाड, टोकांना पाय फुटलेले, आणि आतली पोकळी इवलीशी, जवळजवळ त्रिकोणी. या नाण्याचे अक्षर खरे आहे. गिऱ्हाईक मिळाल्यास सातशे डॉलर येतील.

पण खरे असणे वेगळे आणि फेडॉर्कोंचे असणे वेगळे. त्याची खूण दर्शनी बाजूला आहे. बाईच्या हनुवटीखालून एक सरळ रेघ निघते, गळ्यावरून तिरकी जाते आणि सालातल्या पहिल्या आकड्याच्या डोक्यावर थांबते. केसाएवढी बारीक, पण खोल. ती वस्तऱ्याची आहे. १९३८ मध्ये हा डाइम त्यांच्या गल्ल्यात आला, तेव्हा तो मेणकागदात गुंडाळताना कागद कापायला त्यांनी हातातला वस्तराच वापरला आणि तो निसटला. हे ते मला दर वेळी केस कापताना सांगत.

“पन्नास वर्षं या गावाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, एमिल. एकालाही ओरखडा नाही. कापला तो हिचाच!”

“हिनं काय केलं होतं, वासिल काका?”

“हिनं? ही एकटीच अशी, की बसल्यावर बडबडली नाही. मला सवय नव्हती, हात चुकला.”

नाणी वाचायला मला त्यांनी शिकवले. खुर्चीत बसवून, मानेभोवती फडके बांधून, हातात मूठभर चिल्लर देत आणि केस कापून होईपर्यंत त्यातले बरे नाणे काढायला सांगत. मान हलवायची नाही, म्हणून नाणे डोळ्यांपर्यंत उचलावे लागे. अजूनही मी नाणे तसेच उचलतो.

सोमवारी, १४ जानेवारीला, कोणीतरी त्यांच्या घरात शिरले आणि त्यांना तळघराच्या जिन्यावरून ढकलले. बुधवारी ते वारले. नाण्यांचे खण उपडे पडलेले होते. या महिन्यात चांदीचा भाव असा चढला आहे की लोक आजीचे चमचेसुद्धा विकायला काढतात, आणि ज्यांना आजी नाही ते दुसऱ्याच्या आजीचे.

कलम दुसरे. नाणे माझ्याकडे कसे आले.

मी श्री. ऑर्व्हिल ट्रेसलर यांच्या नाण्यांच्या दुकानात सहा वर्षे काम करतो. काम असे: लोक डब्यात, मोज्यात, उशीच्या अभ्र्यात चिल्लर आणतात. मी कड बघतो. कडेवर तांब्याची रेघ दिसली तर ते १९६५ पासूनचे, चांदी नसलेले; परत. नाही दिसली तर चांदी. मग साल आणि अक्षर बघतो. दुर्मीळ असेल ते बाजूला, उरलेले पोत्यात. पोते भट्टीवर जाते आणि त्याची वीट होते. सध्या श्री. ट्रेसलर दहा सेंटच्या नाण्याला दोन डॉलर देतात आणि रांग फुटपाथवरून बेकरीपर्यंत जाते.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. दुसऱ्याच्या ढिगात चांगले नाणे दिसले तर चेहरा हलू द्यायचा नाही. श्री. ट्रेसलर म्हणतात, “मेल्यासारखा चेहरा ठेव. मेलेला माणूस काही बघून खूश होत नाही.” मला ते चांगले जमते. सहा वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो.

सोमवारी, २१ तारखेला, डेल रुपर्ट याने कॉफीचा डबा आणला आणि काउंटरवर ओतला. डेल माझ्या शाळेतला. त्याचा भंगाराचा धंदा आहे. मी बोटाने नाणी सरकवत होतो आणि त्यात ती रेघ दिसली.

मी नाणे डोळ्यांपर्यंत उचलले. मग भिंग काढले. बाहेर तीस माणसे थंडीत उभी, आणि असल्या घाईत डब्यातल्या चिल्लरीला कोणी भिंग लावत नाही. हे मला नाणे खाली ठेवल्यावर सुचले.

डेल म्हणाला, “काय रे प्रोफेसर, त्या एकाच नाण्यात काय एवढं?”

“काही नाही. मळ आहे जरा.”

“मळाला भिंग लागतं होय?”

“लागतं कधीकधी.”

“तोंड का पांढरं पडलंय तुझं?”

श्री. ट्रेसलर मधे पडले. “पोरगा सकाळपासून उपाशी आहे, डेल. एकशे अठ्ठ्याऐंशी डॉलर होतात तुझे. पुढचा कोण?”

डेलने पैसे मोजले नाहीत. माझ्याकडे बघत खिशात घातले आणि गेला.

दुकानाचा नियम असा की संध्याकाळी पोते शिवण्याआधी नोकराने त्यातले काही हवे असल्यास खरेदीच्या भावाने घ्यावे. मी दोन डॉलर गल्ल्यात टाकले आणि डाइम घेतला. म्हणजे कागदावर तो माझा आहे. तसे कोणी म्हणू नये म्हणून हे कलम.

कलम तिसरे. त्यानंतरचे, कारण मी नसेन तर विचारायला कोणी उरणार नाही.

मंगळवारी मी श्री. ट्रेसलर यांना सांगितले. त्यांनी आधी दुकानाचा पडदा ओढला.

“तुला नक्की कसं कळलं?”

“रेघ आहे. तुम्हीही पाहिलीय. वासिल काकांनी तुम्हाला दहा वेळा दाखवली असेल.”

“मी पाहिलेली नाही.”

“मिस्टर ट्रेसलर...”

“ऐक माझं. सोमवारी मी एकाही माणसाचं नाव लिहून घेतलं नाही. कायदा म्हणतो लिहा. रांग बघितलीस ना? आता तू चोरीचा माल म्हणालास की आधी माझं दुकान बंद. तो डाइम पोत्यात टाक. वितळली की चांदीला नाव नसतं.”

मी टाकला नाही. बुधवारी सकाळी राज्य पोलिसांना फोन केला, कारण गावचा शिपाई डेलचा मेहुणा आहे. श्री. झाइगलर बोलले. त्यांचा आवाज थकलेला होता.

“पोरा, एक डाइम दुसऱ्या डाइमसारखाच दिसतो. वकील हेच म्हणणार.”

“नाही दिसत, साहेब.”

“तू शपथेवर सांगशील?”

मी हो म्हणालो. फोनवर म्हणायला सोपे होते. बर्फामुळे त्यांची माणसे महामार्गावर अडकली आहेत. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ते मला न्यायला गाडी पाठवणार आहेत. तोवर दार लावून घरात बसायला सांगितले.

ते सांगणे मी पाळले असते तर बरे झाले असते. पण बुधवारी दुपारी दूध संपले म्हणून किराणा दुकानात गेलो. दुकानाच्या मागच्या बोळात डेल उभा होता. त्याने माझ्या कोटाची गुंडी लावून दिली, आईने लावावी तशी.

“आजीची आठवण आहे रे ती. परत दे. दोनाचे वीस देतो.”

“माझ्याकडे नाही.”

“प्रोफेसर, तुला वस्तू ओळखायला फार आवडतं ना? उद्यापर्यंत विचार कर. नाहीतर तुला ओळखायला तुझ्या बहिणीला दाताच्या डॉक्टरला घेऊन यावं लागेल.”

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत.

आज सकाळपासून त्याचा ट्रक समोरच्या फुटपाथला लावलेला आहे. इंजिन चालू असते, मग बंद होते, मग पुन्हा चालू होते. अकरा वाजता मी डाइम घेऊन खाली उतरलो. द्यायलाच उतरलो होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटच्या पायरीवर पोहोचलो आणि काचेतून त्याने माझ्याकडे बोट वाकवून ‘ये’ म्हटले. माझे पाय उचलेनात. मी परत फिरलो ते हिंमत आली म्हणून नव्हे. भीतीने पुढे जाववेना म्हणून. वर आल्यावर कळले की डाइम अजून माझ्याकडेच आहे, आणि आता तो द्यायला पुन्हा खाली जायचे तर पुन्हा तेवढेच भ्यावे लागेल. म्हणून मृत्युपत्र.

(येथे थांबलो होतो. ट्रक गेला. मी खिडकीशी उभा राहून वाट पाहिली. तो गल्लीच्या टोकाला वळून परत आला आणि त्याच जागी लागला. आता दोन वाजून पाच मिनिटे.)

कलम चौथे. बचत. बँकेच्या पासबुकात एक हजार एकशे चाळीस डॉलर आहेत. त्यातून आईच्या थडग्यावरच्या दगडावर तिचे मृत्यूचे साल कोरून घ्यावे. दगड वडिलांनी स्वस्तात घेतला तेव्हा ती जिवंत होती, जागा कोरी सोडली, आणि नंतर वडील दोन वर्षे ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत गेले. साल नसलेल्या गोष्टीकडे मला बघवत नाही. उरलेले पैसे बहीण बर्नडेट हिला.

कलम पाचवे. नाणी. पलंगाखाली तीन सिगारपेट्या आहेत. सगळ्या बर्नडेटला. नाणी विकायची असल्यास लॉरेल पॅचमध्ये विकू नयेत; हॅरिसबर्गच्या प्रदर्शनात तीन वेगवेगळ्या टेबलांवर दाखवावीत आणि पहिल्या भावाला हो म्हणू नये.

बर्नडेट, तुला एकच विनंती आहे आणि ती मी कायद्याच्या कागदावर करतो आहे, म्हणजे तू ती पाळशील. नाणी घासू नकोस. माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तू माझा १९१४ चा डेन्व्हरचा सेंट सोडा आणि व्हिनेगर लावून घासलास आणि केकशेजारी बशीत ठेवलास.

“बघ कसा लखलखतोय! काळा पडला होता गं बाई नुसता.”

मी ‘छान’ म्हणालो आणि केक खाल्ला. त्या काळेपणाला साठ वर्षे लागली होती आणि त्याची किंमत शंभर डॉलर होती. घासल्यावर वीस उरली. मी हे तुला कधी सांगितले नाही, आणि आज सांगतो आहे ते रागाने नव्हे. तू ते प्रेमाने केलेस हे मला तेव्हाच कळले होते. तो सेंट मी विकला नाही, पहिल्या पेटीत वरच आहे. बाकीच्यांवर प्रेम करू नकोस.

कलम सहावे. हत्यारे. दहापटीचे भिंग, तराजू, लोहचुंबक, मखमली गादी बर्नडेटला. वाकणारा दिवा यानेकबाईंना द्यावा असे आधी लिहिले होते, कारण त्यांना सुईत दोरा ओवायला दिवा हवा आहे. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे पुस्तिकेत पान सातवर आहे, आणि साक्षीला मी त्यांनाच बोलावणार आहे. तेव्हा दिवाही बर्नडेटला, आणि बर्नडेटने तो यानेकबाईंना वापरायला द्यावा की नाही हे तिचे तिने बघावे. मी काही सुचवत नाही.

कलम सातवे. श्री. ऑर्व्हिल ट्रेसलर. यांना मी काही देत नाही. १९७७ मध्ये मी एका डब्यात १९३२ चा डेन्व्हरचा क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचे नाणे, शोधला. श्री. ट्रेसलर यांनी तो बघून “डी चिकटवलेला आहे, पोरा, एक डॉलर घे” असे म्हटले आणि ठेवून घेतला. डी चिकटवलेला नव्हता. त्यांनी तो हॅरिसबर्गला विकला आणि नवे टायर घेतले. ते टायर मी गेली तीन वर्षे बर्फातून ढकलतो आहे. मी त्यांना माफ केलेले नाही. मात्र त्यांनी मला थंडीत काम दिले आणि दर ईस्टरला हॅम दिले, हेही खरे आहे.

कलम आठवे. डेल रुपर्ट यास काहीही नाही. सातवीत त्याने मला कपाटात कोंडले होते आणि तासभर बाहेरून टकटक करत राहिला होता. तेव्हापासून मी त्याला घाबरतो. आत्ताही घाबरतो. न्यायाधीशांनी हे ध्यानात घ्यावे की मी जे लिहिले ते त्याच्यावरच्या रागातून लिहिलेले नाही. राग असता तर इतका घाम आला नसता.

कलम नववे. अंत्यविधी सेंट मेरीमध्ये, साधा. मृताच्या डोळ्यांवर ठेवतात तशी नाणी ठेवायची कोणाला हौस आली तर आत्ताची, चांदी नसलेली ठेवावीत. चेहऱ्याबद्दल श्री. ट्रेसलर यांची तक्रार त्या दिवशी राहणार नाही.

(दोन वाजून पन्नास मिनिटे. दारावर थाप पडली. मी तीनदा ‘कोण’ म्हणून विचारले. पुढचे लिहिताना अक्षर खराब आहे. नंतर नक्कल करायला वेळ मिळेल असे वाटत नाही.)

कलम दहावे. साक्षीबद्दल.

दारात यानेकबाई होत्या, कोबी घातलेल्या हलुश्कीचे पातेले घेऊन, आणि त्यांच्यामागे टोपी हातात घेतलेले श्री. ट्रेसलर.

“हा खाली बेलपाशी उभा होता,” यानेकबाई म्हणाल्या. “बेल वाजवेना, जाईना. म्हटलं चल वर, गारठशील.”

श्री. ट्रेसलर यांनी पाकीट पुढे केले. “तुझा पगार. वर वीस आहेत.”

“कशाबद्दल?”

“थंडी आहे ना.”

मग त्यांनी खिडकीतून खाली पाहिले आणि झटकन मागे सरले. त्यांचा आवाज लहान झाला. “एमिल, उद्या सकाळी सहाला भट्टीची खेप आहे. मी स्वतः नेतो. दे मला ते. डेलला सांगतो, वितळलं. तू सुटलास, मी सुटलो.”

“आणि वासिल?” यानेकबाईंनी पातेले ठेवत विचारले. “तो कशातून सुटला? जिन्यावरून?”

“तेक्ला, तू यात पडू नकोस. पोराचा जीव जाईल.”

“पोराचा जाईल म्हणून आलास की दुकानाचा?”

श्री. ट्रेसलर यांनी पाकीट टेबलावर ठेवले. मी त्यांना सांगितले की मला दोन साक्षीदार हवेत, बहीण चालत नाही कारण तिला सगळे मिळते, आणि तुम्हाला कलम सातप्रमाणे काहीच मिळत नाही, म्हणजे तुम्ही चालता. त्यांनी कलम सात वाचले.

“टायरचंसुद्धा लिहिलंस?”

“हो.”

“चिकटवलेला नव्हता तो डी,” ते म्हणाले.

खरे म्हणजे मला तोवर एक गोष्ट सुचली होती. डेल माझ्यामागे आहे, कारण ती रेघ ओळखणारा मी एकटा आहे असे त्याला वाटते. मी एकटा नसेन तर मला मारून त्याला काय मिळणार? मी टेबलावर मखमल पसरली, दिवा वाकवला आणि डाइम ठेवला.

“सही करण्याआधी दोघांनी हे बघायचं. मी सांगणार नाही कुठं बघायचं. जे दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं, मी लिहून घेईन.”

यानेकबाईंनी चष्मा काढला, भिंग डोळ्याला लावले, आणि बराच वेळ चुकीच्या बाजूने बघितले. मग म्हणाल्या, “या बाईचा गळा कापलाय. हनुवटीपासून खाली, सालातल्या पहिल्या आकड्यापर्यंत. अरे देवा. हे तर तो सगळ्यांना सांगायचा.” त्या भिंग न सोडताच खुर्चीवर बसल्या.

श्री. ट्रेसलर म्हणाले, “माझी नजर आता राहिली नाही.”

“परवा तर तुम्ही भट्टीच्या पोत्यातून १९२१ चा डाइम काढलात.”

“तू सोड मला, एमिल.”

“बघा आणि काहीही दिसलं नाही म्हणा. मी तसंच लिहीन.”

त्यांनी नाणे उचलले. सहा वर्षे मी त्यांना नाणी बघताना बघितले आहे. हजार डॉलरचे सोन्याचे नाणे विधवेच्या पर्समधून निघाले तरी त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलत नाही. आज त्यांनी भिंग लावले, आणि त्यांचा खालचा ओठ थरथरू लागला आणि थांबेना. त्यांनी भिंग काढले, पुसले, परत लावले.

“माझ्या लग्नाच्या सकाळी माझी दाढी त्यानं केली होती,” ते म्हणाले. “पैसे घेतले नाहीत. हे दाखवलं आणि म्हणाला, आज जरा सांभाळूनच करतो, ऑर्व्हिल.” मग म्हणाले, “लिही. हनुवटीखालून निघते. गळ्यावरून तिरकी. एकच्या डोक्यावर थांबते. वस्तऱ्याची आहे. आणि हेही लिही, की नाणं सोमवारी माझ्या दुकानात डेल रुपर्टच्या डब्यातून आलं आणि मी त्याचं नाव लिहून घेतलं नाही.”

“हे लिहिलं तर दुकान...”

“मला लिहिता येतं, एमिल. तू लिहितोस की मी लिहू?”

ते त्यांनी स्वतः लिहिले. समासातल्या त्या चार ओळी त्यांच्या अक्षरात आहेत. त्यात दोन चुका आहेत, मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

मग ते खिडकीशी गेले, ती वर ढकलून उघडली आणि खाली ओरडले, “डेल! तिघांनी पाहिलंय आता! तिघांनी! कागदावर सह्या होतायत!” खिडकी लावताना ती अडकली; दोघांनी मिळून ती खाली ओढली. ट्रकचे इंजिन चालू झाले. ट्रक अजून गेलेला नाही. पण यानेकबाईंनी त्यांच्या भाच्याला आणि मग चर्चच्या फादरना फोन लावला आहे, आणि फादर म्हणतात त्यांनाही भिंगातून बघायचे आहे.

कलम सात मी तसेच ठेवतो. श्री. ट्रेसलर यांनी साक्ष लिहिली हे खरे, आणि टायर घेतले हेही खरे. फक्त पुढे इतके जोडतो की मी जगलो तर त्यांच्याकडेच काम करीन, त्यांचे दुकान राहिले तर.

हे मृत्युपत्र मी उद्या सकाळी श्री. झाइगलर यांच्या गाडीतून सोबत नेणार आहे. गाडी नऊ वाजता येईल. मी शपथेवर सांगणार आहे. मला अजूनही भीती वाटते, आणि ती जाईल या आशेवर मी थांबलेलो नाही.

वर लिहिलेले सर्व मी पूर्ण समजून लिहिले व वाचून पाहिले.

एमिल योसेफ हुडाक (सही)

आम्ही खाली सही करणाऱ्या दोघांनी एमिलने आमच्यासमोर सही केलेली पाहिली, आणि तो डाइमही पाहिला.

तेक्ला यानेक, वय अडुसष्ट (सही)
ऑर्व्हिल एम. ट्रेसलर, वय एकसष्ट, नाण्यांचे व्यापारी (सही)

ठिकाण: लॉरेल पॅच, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: २४ जानेवारी १९८०, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटे

देणे व खर्च, आजपर्यंतचा:

मृत्युपत्राची पुस्तिका: पंचावन्न सेंट. दिले.
फेडॉर्को यांच्या अंत्यविधीची फुले, माझा वाटा: चार डॉलर. दिले.
डाइम, दुकानाच्या भावाने: दोन डॉलर. दिले, परत नकोत.
श्री. ट्रेसलर यांचे वरचे वीस डॉलर: परत केले. त्यांनी घेतले नाहीत. टेबलावर आहेत.
यानेकबाईंना जानेवारीचे भाडे: पंच्याऐंशी डॉलर. देणे आहे.
वासिल फेडॉर्को यांना, १२ जानेवारीला केस कापल्याचे: दीड डॉलर. देणे आहे. सुटे नव्हते म्हणून ‘पुढच्या वेळी दे’ म्हणाले होते.
उद्या परतीच्या बसचे भाडे, कारण पोलिसांची गाडी फक्त न्यायला येणार आहे: पंचाहत्तर सेंट. तीन क्वार्टर बाजूला काढून दाराशी ठेवले आहेत. तिन्ही १९६५ नंतरचे, तपासून घेतले.